क्लिअरमध्ये अडकलेला कण

वाचकांचे प्रश्न : वाहनाची निगा

प्रश्न : माझ्याकडे करड्या मेटॅलिक रंगाची हॅचबॅक गाडी आहे. जुलैच्या सुरुवातीला घोडबंदर रस्त्यावर एका टेम्पोने डाव्या बाजूला पुढून घासून नेल्यामुळे फेंडर आणि बॉनेट रंगवून घ्यावे लागले. काम वागळे इस्टेट परिसरातील एका गॅरेजमध्ये करून घेतले. रंगाची छटा उत्तम जुळली आहे. परंतु उन्हात तिरके पाहिले की बॉनेटवर पंधरा-वीस बारीक दाणे दिसतात आणि ते बोटालाही लागतात. फेंडरवर एक केसासारखा धागा आत गेलेला दिसतो, तो मात्र हाताला लागत नाही. गॅरेजवाले म्हणतात, "गाडी आणून द्या, पेपर मारून रबिंग करून देतो." आमच्या सोसायटीतील एक जाणकार गृहस्थ सांगतात की, नव्या रंगाला एकदा पेपर लागला की क्लिअर, म्हणजे सर्वांत वरचा पारदर्शक थर, गेलाच म्हणून समजा. रंग देऊन तीन आठवडे झाले आहेत. कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, कासारवडवली, ठाणे

उत्तर : दोघांचेही म्हणणे अर्धे अर्धे खरे आहे. त्यांतले कोणते अर्धे तुमच्या गाडीला लागू पडते, हे दाणा नेमका कोणत्या थरात बसला आहे यावर ठरते. म्हणून पेपर, म्हणजे घासकागद, हातात घेण्यापूर्वी थोडा वेळ नुसते पाहण्यात घालवावा. गाडी धुऊन, पुसून सावलीत उभी करा आणि टॉर्चचा प्रकाश बॉनेटवर जवळजवळ आडवा पडेल असा धरा. उंचवटा असलेला प्रत्येक दाणा आपली छोटीशी सावली टाकतो आणि ज्याची सावली पडत नाही तो पृष्ठभागाच्या खाली आहे, असे समजायला हरकत नाही. बोटांवर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून हात फिरवला तर उघड्या हाताला न कळणारे दाणेही कळतात. सापडलेल्या प्रत्येक दाण्याशेजारी मास्किंग टेपचा लहानसा तुकडा चिकटवून ठेवावा, म्हणजे पाणी लावल्यावर शोधाशोध करावी लागत नाही. ओल्या पृष्ठभागावर दाणे दिसेनासे होतात.

मेटॅलिक गाडीच्या पत्र्यावर प्रथम प्रायमर, त्यावर रंगाचा बेस कोट आणि सर्वांत वर रंगहीन क्लिअर अशी रचना असते. कारखान्यातून आलेल्या गाडीवर हे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात आणि त्यांपैकी क्लिअर सुमारे ४० ते ५० मायक्रॉनचा असतो. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड धरला, तर ज्या थरावर गाडीची सगळी चमक आणि रंगाचे सगळे संरक्षण अवलंबून आहे तो केसाहूनही पातळ आहे, हे ध्यानात येईल. गॅरेजमध्ये क्लिअरचे दोन-तीन हात मारलेले असतात, त्यामुळे तिथे थर याहून जाड असू शकतो. पण तो सगळीकडे सारखा मात्र नसतो. या क्लिअरमध्ये उन्हातील अतिनील किरण अडवणारी द्रव्ये मिसळलेली असतात. थर जेवढा पातळ होईल तेवढे हे छत्र विरळ होते आणि चार-पाच उन्हाळ्यांनंतर त्या जागी रंग उडू लागतो किंवा क्लिअरचे पापुद्रे निघू लागतात. तुमच्या शेजाऱ्यांची भीती या कारणाने अगदीच निराधार नाही.

मात्र ओल्या क्लिअरवर धुळीचा कण पडतो तेव्हा काय घडते, तेही पाहिले पाहिजे. क्लिअर त्या कणाच्या अंगावर चढतो आणि वाळता वाळता त्याच्याभोवती एक लहानशी टेकडी तयार होते. आपल्या डोळ्यांना खुपतो तो बहुधा कण नसतो, खुपते ती ही टेकडी. कारण गुळगुळीत पृष्ठभागावर पडलेले प्रतिबिंब तिथे मोडते. टेकडीचा माथा आजूबाजूच्या पातळीपर्यंत खाली आणला की आतला कण तिथेच राहूनही दिसेनासा होतो. थोडक्यात, घासायची आहे ती जास्तीची टेकडी. भोवतालच्या मैदानाला हात लावण्याचे कारण नाही. गॅरेजवाल्यांना विचारण्याचा प्रश्नही एवढाच आहे की, पेपर फक्त दाण्यांवर मारणार की पूर्ण बॉनेटवर? पंधरा-वीस दाण्यांसाठी संपूर्ण बॉनेट १००० नंबरच्या पेपरने घासून, वर लोकरीच्या पॅडने रबिंग मारून तासाभरात गाडी हातात देण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास दिसते. त्या दिवशी बॉनेट आरशासारखे चमकते हे खरे, पण ती चमक क्लिअरच्या मोबदल्यात विकत घेतलेली असते.

फेंडरवरच्या धाग्याची गोष्ट वेगळी आहे. तो हाताला लागत नाही, म्हणजे तो क्लिअरच्या तळाशी किंवा बेस कोटमध्ये रुतला आहे आणि त्याच्यावरून क्लिअर सपाट वाहून गेला आहे. त्याच्यापर्यंत पोहोचायचे तर वरचा जवळजवळ सगळा क्लिअर घासून काढावा लागेल. मेटॅलिक रंगात पेपर बेस कोटपर्यंत पोहोचला की ॲल्युमिनियमचे चकाकते कण उघडे पडून तिथे काळपट डाग दिसतो. मग हाताने टचअप करून तो लपत नाही, पूर्ण फेंडर पुन्हा रंगवावे लागते. धागा हातभर अंतरावरून दिसत नसेल तर माझा सल्ला त्याला तसाच राहू देण्याचा आहे. पुन्हा रंगवण्याचा आग्रह धरण्याचा तुम्हाला हक्क आहेच, पण दुसऱ्या वेळी पहिल्याहून कमी कचरा येईल याची हमी त्याच जागेत, त्याच पावसाळ्यात कोण देणार?

आणखी एक शंका दूर करून घ्यावी. दाण्याच्या माथ्यावर टाचणीच्या टोकाएवढे छिद्र दिसत असेल, तर तो दाणा कचऱ्याचा नव्हे. क्लिअरचा वरचा थर आधी सुकला आणि आत अडकलेले थिनर फोड करून बाहेर पडले, असा त्याचा अर्थ असतो. पावसाळ्यात याला आणखी एक कारण मिळते. क्लिअरमध्ये तो कडक व्हावा म्हणून मिसळला जाणारा हार्डनर आयसोसायनेट वर्गातील असतो आणि तो पाण्याच्या अंशाशी संयोग पावला की कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो. कॉम्प्रेसरच्या टाकीत साठलेले पाणी काढून टाकले नाही किंवा हार्डनरच्या डब्याचे झाकण उघडे राहिले, तर सूक्ष्म बुडबुडे येतात. असे फोड घासले की त्यांची तोंडे उघडतात, त्यांत पॉलिशची पांढरी पेस्ट जाऊन बसते आणि करड्या बॉनेटवर मीठ सांडल्यासारखे दिसू लागते. तुमच्या वर्णनावरून ही भीती कमी वाटते, तरी भिंगाने दोन-चार दाणे पाहून घ्यावेत.

आता प्रत्यक्ष काम. हे गॅरेजनेच करून द्यायला हवे आणि त्याचे वेगळे पैसे देण्याचेही कारण नाही, कारण दाणे काढणे हा रंगकामाचाच शेवटचा भाग आहे. गाड्यांच्या कारखान्यांतसुद्धा रंगाच्या विभागातून बाहेर पडणाऱ्या गाड्यांवरचे दाणे कामगार हाताने काढतात. तरीही काम कसे व्हावे हे ठाऊक असले तर समोर उभे राहून करून घेता येते आणि हाताला सवय असेल तर स्वतःही करता येते.

दाणा ठळक असेल तर आधी ब्लेडने त्याचा माथा छाटतात. दाढीच्या दुधारी ब्लेडचा अर्धा भाग घेऊन त्याच्या दोन्ही टोकांना साध्या पारदर्शक चिकटपट्टीचा एकेक वेढा देतात. त्या पट्टीच्या जाडीमुळे ब्लेडची मधली धार पृष्ठभागापासून थोडी वर तरंगत राहते. सपाट भागाला ती टेकत नाही आणि जो दाणा तेवढ्या उंचीच्या वर आला आहे तोच तिच्या तावडीत सापडतो. ब्लेड दोन बोटांत किंचित वाकवून, जवळजवळ उभे धरून, आपल्याकडे हलकेच ओढायचे. खरवडल्याचा बारीक आवाज थांबला की आपणही थांबायचे. आतला कण मोठा असेल तर कधी कधी तो मुळासकट उपटून येतो आणि खड्डा राहतो. तसे झाले तर घासणे थांबवून, काडीच्या टोकाने हार्डनर मिसळलेल्या क्लिअरचा एक थेंब त्या खड्ड्यात सोडावा, तो पूर्ण वाळू द्यावा आणि मग तोच उंचवटा समजून पुढचे काम करावे.

त्यानंतर २००० नंबरचा पाणीपेपर. या नंबरच्या पेपरवरील कण सरासरी १० मायक्रॉनच्या आसपास असतात, १५०० नंबरवरील १२ ते १३ मायक्रॉनचे. म्हणून घाई नसेल तर १५०० ला हात न लावता २००० पासूनच सुरुवात करावी, वेळ थोडा जास्त लागतो इतकेच. पेपर दहा-पंधरा मिनिटे पाण्यात भिजत ठेवावा, म्हणजे त्याच्या कडा मऊ होऊन ओरखडे काढत नाहीत. पाण्यात गाडी धुण्याच्या शॅम्पूचे दोन थेंब टाकावेत. एक रुपयाच्या नाण्यापेक्षाही लहान असा गोल तुकडा कापून तो शाळकरी मुलांच्या खोडरबराच्या सपाट बाजूला चिकटवावा. नुसत्या बोटाने घासू नये. बोट मऊ असते, ते टेकडीवरून घसरून भोवतालचा भाग खोलगट करते आणि नंतर उन्हात तिथे बशीसारखा खळगा दिसतो. पाच-सहा हलके हात मारले की रबरी पट्टीने पाणी ओढून पाहावे. सुरुवातीला दाण्याचा माथा तेवढा पांढुरका, मंद दिसतो आणि भोवती क्लिअरची चमक शाबूत असते. पुन्हा चार हात, पुन्हा पुसणे. मंद झालेला ठिपका पसरत जाऊन आजूबाजूच्या पृष्ठभागाशी एकजीव होतो त्या क्षणी थांबायचे. या सर्व वेळात ओघळणारे पाणी दुधासारखे पांढरे असले पाहिजे, कारण तो क्लिअरचा चुरा असतो. पाण्याला करडी झाक आली तर बेस कोट सुरू झाला आहे.

कडेपासून मात्र लांब राहा. बॉनेटची कड, मधली उठावाची रेघ, फेंडरचा वळणदार काठ या ठिकाणी ओला रंग सुकताना मागे सरकतो आणि थर मुळातच पातळ राहतो. हे पुस्तकातले ज्ञान मला फार उशिरा अंगी लागले. सुरुवातीच्या वर्षांत एका ओळखीच्या माणसाच्या लाल गाडीच्या बॉनेटवरील रेघेलगतचा एकच दाणा काढताना मी "आणखी दोन हात" म्हणत राहिलो आणि पाणी एकाएकी गुलाबी झाले. दाण्यासाठी आलेली गाडी अख्खे बॉनेट रंगवून परत गेली आणि खर्च माझ्या खिशातून झाला. तेव्हापासून रेघेवर मास्किंग टेपची पट्टी लावल्याशिवाय मी पेपर ओला करत नाही, आणि कडेपासून बोटभर अंतरात असलेला दाणा गाडीमालकाने कितीही आग्रह केला तरी काढत नाही.

पेपरनंतर राहिलेला मंद डाग ३००० नंबरच्या फोमच्या चकतीने आणखी बारीक करून घ्यावा आणि मग कंपाउंड, म्हणजे घासून चमक आणणारी पेस्ट, लावावे. मशीन वापरायचे तर फोमचे पॅड आणि डोलत फिरणारे, म्हणजे ड्युअल ॲक्शन प्रकारचे पॉलिशर नवख्या हातांसाठी बरे. एकाच अक्षावर गरगर फिरणारे रोटरी मशीन काम झटपट करते, पण एका जागी दोन-तीन सेकंद अधिक रेंगाळले तर क्लिअर जाळते. मधून मधून तळहात टेकवून पाहावा. हात सुखाने ठेवता येणार नाही इतका पत्रा तापला असेल तर मशीन बाजूला ठेवावे. बंपर प्लास्टिकचा असल्यामुळे उष्णता पसरू देत नाही, म्हणून तिथे ही काळजी दुप्पट घ्यावी लागते. दाणे थोडेच असतील तर हातानेही काम होते, फक्त खांदा दुखतो. शेवटी कंपाउंडचा तेलकटपणा पुसून टाकून पुन्हा टॉर्च मारावा, कारण ते तेल ओरखडे लपवते आणि दोन धुण्यांनंतर ते पुन्हा उघडे पडतात.

तीन आठवड्यांचा प्रश्न राहिला. बूथमध्ये, म्हणजे रंगकामाच्या बंद खोलीत, ६० अंश सेल्सियसला अर्धा तास भाजलेला क्लिअर थंड झाला की त्याच दिवशी घासता येतो. नुसत्या हवेवर वाळवलेल्या क्लिअरला एक-दोन दिवस लागतात आणि ठाण्याच्या पावसाळ्यात मी त्यात आणखी दोन दिवस घालतो. न दिसणाऱ्या ठिकाणी, उदाहरणार्थ बॉनेटच्या आतल्या घडीवर, नखाने दाबून पाहावे. वण राहिला तर अजून थांबावे. तुमच्या बाबतीत तो काळ केव्हाच उलटला आहे. उलट आता क्लिअर चांगलाच कडक झाला असेल, त्यामुळे थोडे अधिक घासावे लागेल. त्याची भरपाई जाडा पेपर वापरून करू नये. वॅक्स किंवा सिरॅमिक कोटिंग मात्र रंग देऊन किमान महिना झाल्याशिवाय लावू नये, आतले राहिलेले थिनर उडून जाऊ द्यावे.

हे दाणे आले कोठून, असे तुम्ही विचारलेले नाही, तरी सांगतो. लोक हवेतल्या धुळीला दोष देतात. माझ्या पाहण्यात निम्माअधिक कचरा गाडीवरच आधीपासून बसलेला असतो. बॉनेटच्या फटी, वायपरखालची जाळी, काचेचे रबर यांत आधीच्या घासकामाची भुकटी साठते आणि रंग फवारण्याच्या गनच्या हवेचा झोत लागला की उडून ओल्या क्लिअरवर येते. झाकण्यासाठी वापरलेल्या जुन्या वर्तमानपत्रांच्या कडांचे तंतू, रंगाऱ्याच्या सुती शर्टाचे धागे, न गाळता गनमध्ये ओतलेला क्लिअर ही बाकीची कारणे. तुमच्या फेंडरवरचा धागा बहुतेक अशाच कुठल्या शर्टाचा किंवा पुसण्याच्या फडक्याचा असावा. जूनच्या पहिल्या सरींनंतर वाळवीचे पंखवाले किडे ट्यूबलाइटभोवती जमतात, त्या संध्याकाळी उघड्या शेडमध्ये क्लिअर मारणारा रंगारी पायांसकट चिकटलेले किडे मोजत बसतो. पुढच्या वेळी गॅरेज निवडताना बूथ आहे का एवढेच विचारू नका. क्लिअर मारण्यापूर्वी जमिनीवर पाणी शिंपडतात का, फटींमध्ये हवा मारून घेतात का आणि चिकट कापडाने शेवटचा हात फिरवतात का, हेही पाहा.

प्रश्न : माझी पांढरी सेडान दोन वर्षांची असून ती कधीही रंगवलेली नाही. गेल्या हिवाळ्यात आमच्या इमारतीला बाहेरून रंग दिला गेला, तेव्हा गाडी खाली मोकळ्या जागेतच उभी असे. शिवाय मी रोज ती रेल्वे स्थानकाजवळच्या वाहनतळावर ठेवून लोकलने जातो. आता छपरावर आणि बॉनेटवर हात फिरवला तर बारीक पेपरवरून फिरवल्यासारखे वाटते आणि नारिंगी ठिपकेही दिसतात. डिटेलिंगवाल्याने "क्लिअरमध्ये कचरा गेला आहे, वेट सँडिंग करावे लागेल" असे सांगून मोठी रक्कम मागितली आहे. हे योग्य आहे का?
— एक वाचक, नेरूळ, नवी मुंबई

उत्तर : वेट सँडिंग, म्हणजे ओल्या पेपरने घासकाम, मुळीच करून घेऊ नका. कारखान्यात दिलेल्या आणि नंतर वाळून कडक झालेल्या क्लिअरच्या आत दोन वर्षांनी कचरा शिरत नाही. तुमचे दाणे वर बसलेले आहेत. काही चिकटलेले, काही टोचलेले. वरच्या प्रश्नातील बॉनेटचे आणि तुमच्या छपराचे दुखणे हाताला सारखेच लागत असले तरी औषध निराळे आहे.

इमारतीच्या रंगाचा फवारा किंवा रोलरवरून उडालेले तुषार पांढऱ्या गाडीवर डोळ्यांना दिसत नाहीत, हाताला मात्र खरखरीत लागतात. नारिंगी ठिपके लोखंडाचे आहेत. गाड्यांच्या चाकांतून, रुळांवरून आणि ब्रेकच्या ठोकळ्यांतून लोखंडाचे सूक्ष्म कण उडतात, गरम किंवा टोकदार असल्यामुळे क्लिअरला चिकटतात आणि नवी मुंबईच्या दमट हवेत गंजून भोवती नारिंगी वलय सोडतात. रुळांलगत उभ्या राहणाऱ्या आणि एमआयडीसीतील फॅब्रिकेशनच्या शेडजवळ ठेवल्या जाणाऱ्या गाड्यांवर हे हमखास आढळते. पांढऱ्या गाडीवर ते दिसते आणि काळ्या गाडीवर फक्त जाणवते, एवढाच फरक.

गाडी सावलीत नीट धुऊन त्यावर लोहकण काढणारे द्रावण फवारावे. ते लोखंडाशी संयोग पावले की जांभळे ओघळ उतरू लागतात. वास उग्र असतो, त्यामुळे मोकळ्या हवेत आणि हातमोजे घालून काम करावे. तीन-चार मिनिटांत, द्रावण सुकू न देता, भरपूर पाण्याने धुऊन टाकावे. मग क्ले बारची, म्हणजे वर चिकटलेले कण ओढून घेणाऱ्या मऊ चिकणमातीच्या वडीची, पाळी. कणकेच्या लहान गोळीसारखा तुकडा चपटा करून, शॅम्पूच्या पाण्याने किंवा त्यासाठी मिळणाऱ्या फवाऱ्याने पृष्ठभाग निसरडा करून, हातभर जागेत सरळ रेषेत पुढे-मागे फिरवावा. आधी तो अडखळतो, खसखस आवाज येतो आणि मग एकाएकी काचेवरून सरकावा तसा सरकू लागतो. त्या जागेचे काम तिथे संपले. चिकणमाती दर थोड्या वेळाने घडी घालून स्वच्छ बाजू वर आणावी आणि जमिनीवर पडली तर ती सरळ फेकून द्यावी. तिला चिकटलेला वाळूचा एक कण अख्ख्या छपरावर ओरखडे काढायला पुरतो.

एवढे करूनही काही ठिपके राहिले तर द्रावणाचा आणखी एक हात द्यावा. क्लेमुळे पृष्ठभाग किंचित मंद झाल्यास हलके पॉलिश आणि त्यावर वॅक्स पुरेसे आहे. पांढरे, घट्ट, खडूसारखे थेंब असतील तर मात्र ते सिमेंटच्या पाण्याचे असू शकतात. सिमेंट क्लेने निघत नाही, ओढले तर ओरखडते. पातळ केलेल्या व्हिनेगरची ओली घडी काही मिनिटे ठेवून ते मऊ करावे आणि लगेच धुवावे. डिटेलिंगवाल्याने मागितलेली रक्कम तुम्ही लिहिलेली नाही, परंतु द्रावण आणि क्ले मिळून होणारा खर्च त्याच्या एका छोट्या अंशात भागेल.

प्रश्न : मी मोटारसायकलची टाकी घरीच, गॅलरीत, स्प्रे कॅनने काळी रंगवली आणि वर कॅनचाच क्लिअर मारला. समोर बांधकाम सुरू असल्याने क्लिअरमध्ये बरीच धूळ बसली आहे. चार दिवस झाले आहेत. वर सांगितल्याप्रमाणे २००० चा पेपर मारून पॉलिश करू का?
— एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई

उत्तर : अजून नको. साध्या कॅनमधील क्लिअरमध्ये हार्डनर नसतो. तो केवळ थिनर उडून वाळतो, त्यामुळे चार दिवसांत वरून कोरडा वाटला तरी आत मऊ असतो. आता पेपर मारला तर चुरा पांढरा, भुसभुशीत न निघता गोळ्या होऊन पेपरला चिकटेल आणि त्या गोळ्याच नवे ओरखडे काढतील. शिवाय त्याचा थर पातळ असतो. कॅनचे दोन हात म्हणजे गॅरेजच्या गनचे दोन हात नव्हेत, आणि टाकी सगळीकडून गोलाईची असल्यामुळे खोडरबराची सपाट बाजू तिच्यावर एका रेषेतच टेकते. त्या रेषेत काळा रंग कधी उघडा पडला हे कळतही नाही.

याहून मोठी अडचण पेट्रोलची आहे. हार्डनरविना वाळलेला क्लिअर पेट्रोलने पुन्हा विरघळतो. पंपावर टाकीच्या झाकणाशी एकदा पेट्रोल सांडले की तुम्ही कष्टाने काढलेली चमक तिथे सुरकुतेल. त्यामुळे या क्लिअरवर पॉलिशची मेहनत करण्यापेक्षा त्याला पंधरा-वीस दिवस वाळू द्या, मग १००० नंबरच्या ओल्या पेपरने संपूर्ण टाकी एकसारखी मंद करून घ्या. इथे दाणे आपोआप निघून जातील आणि थोडे जास्त घासले गेले तरी बिघडणार नाही, कारण वरून नवा थर येणारच आहे. काळा रंग कुठे उघडा पडला तर तेवढा भाग त्याच रंगाने झाकून वाळू द्यावा. त्यानंतर हार्डनरवाला क्लिअर मारावा, पण पहिला हात अगदी झिरझिरीत असावा. खालच्या मऊ थरावर एकदम ओला हात दिला तर तो सुरकुततो. हा क्लिअर बुडाशी बटण असलेल्या, आत हार्डनरची वेगळी कुपी बसवलेल्या कॅनमध्येही मिळतो. बटण दाबून कुपी फोडली की तो कॅन त्याच दिवशी वापरून संपवावा.

मात्र हे काम गॅलरीत करू नका. त्यातील आयसोसायनेटचे तुषार श्वासावाटे गेल्यास कायमचा दमा जडू शकतो आणि कापडी मास्क त्यांना अडवत नाही. घराच्या उघड्या खिडकीशेजारी तर त्याचा विचारही करू नये. टाकी सुटी करून, तिचे तोंड नीट बंद करून ऐरोलीतील एखाद्या बूथ असलेल्या गॅरेजमध्ये न्या आणि फक्त क्लिअर मारून देण्यास सांगा. एकट्या टाकीसाठी ते वेगळा क्लिअर कालवणार नाहीत. कुठल्या तरी गाडीचे काम चालू असेल त्या दिवशी ये, म्हणतील. तसे म्हणाले तर जावे, कारण त्या दिवशी बूथ धुतलेला असतो आणि क्लिअर ताजा गाळलेला असतो.